अधूनमधून येणारे आणि ठाण मांडून बसलेले एट्रियल फिब्रिलेशन : ईसीजी कसा वाचावा

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेशिस्त थरथर, आहे की नाही, हे बहुतेक वेळा ईसीजीच्या एका कागदावरून सांगता येते. ते अधूनमधून येऊन जाणारे आहे की ठाण मांडून बसले आहे, हे मात्र त्या एका कागदावर लिहिलेले नसते. नव्याने रुजू झालेले निवासी डॉक्टर, अतिदक्षता विभागातील परिचारिका आणि ईसीजी टेक्निशियन यांना शिकवताना ही गोष्ट मी सर्वांत आधी सांगतो, कारण दहा सेकंदांची पट्टी फक्त त्या दहा सेकंदांचीच साक्ष देते. प्रकार ठरवायचा असेल, तर झटका, म्हणजे या थरथरीचा एक फेरा, चालू असतानाचा आलेख, दोन झटक्यांच्या मधल्या काळातला आलेख आणि तारखेप्रमाणे लावलेले जुने सगळे आलेख, अशा तिन्ही कागदांची गरज पडते. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये, म्हणजे अलिंदांमध्ये, एरवी सायनस नोडपासून, म्हणजे हृदयाची लय ठरवणाऱ्या नैसर्गिक केंद्रापासून, निघालेली विद्युत लाट एकाच दिशेने, शिस्तीत पसरते आणि कागदावर तिची गुळगुळीत पी तरंग उमटते. फिब्रिलेशनमध्ये, ज्याला आपण वॉर्डात नुसते एएफ म्हणतो, अलिंदांत मिनिटाला ३५० ते ६०० या वेगाने अनेक लाटा एकमेकींना छेदत फिरत राहतात. त्यामुळे पी तरंग नाहीशी होते आणि तिच्या जागी पायाभूत रेषेवर सतत बदलती थरथर दिसते; हिलाच एफ तरंग म्हणतात. एवढ्या लाटांपैकी मोजक्याच एव्ही नोडमधून, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या विद्युत दरवाजातून, खाली निलयांपर्यंत, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांपर्यंत, पोहोचतात, काही अर्ध्या वाटेतच विझतात आणि विझता विझता मागून येणाऱ्या लाटेची वाटही अडवतात. म्हणूनच ठोक्यांमधले अंतर कोणत्याही नियमात बसत नाही. आइन्थोव्हेन यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखांत अशा अनियमित नाडीचा आलेख होता; १९०९ मध्ये लंडनमध्ये थॉमस लुईस यांनी आणि व्हिएन्नात रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी त्या नाडीचे मूळ अलिंदांच्या थरथरीत आहे हे दाखवले. तेव्हापासून आजतागायत निदानाचा पाया बदललेला नाही.

कागद हातात आल्यावर लगेच निदानाकडे धावू नये. आधी कडेला छापलेला वेग आणि उंचीचे प्रमाण पाहावे. वेग सेकंदाला २५ मिलिमीटर असेल, तर एक लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि एक मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा असतो. १ मिलिव्होल्टला १० मिलिमीटर उंची मिळते. व्ही-१ ची कळ (त्वचेवर लावायचे तारेचे टोक) छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या कडेला, चौथ्या बरगडी-अंतरात लागली आहे ना, याची खात्री टेक्निशियनकडून करून घ्यावी. ती एक-दोन अंतरे वर लावण्याची चूक फार सर्रास होते आणि पी तरंगेचा आकार त्यामुळे खोटा बदलतो. रुग्ण थंडीने किंवा भीतीने कापत असेल, त्याला कंपवात असेल, तर स्नायूंची थरथर एफ तरंगेचे सोंग घेते. पांघरूण घालून, हात सैल ठेवायला सांगून पुन्हा आलेख काढण्यात दोन मिनिटे जातात. त्या दोन मिनिटांनी एखाद्या माणसाची रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपासून नाहक होणारी फरफट टळते.

त्यानंतर लांब पट्टी, बहुधा दुसऱ्या लीडची (लीड म्हणजे हृदयाचा एका ठरावीक कोनातून घेतलेला आलेख; अशा बारा असतात, व्ही-१ ही त्यांतलीच एक), समोर धरावी. कोऱ्या कागदाची एक अरुंद पट्टी तिच्याखाली लावून लागोपाठच्या चार-पाच आर शिखरांवर, म्हणजे ठोक्यांच्या उंच टोकांवर, पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि ती पट्टी पुढे सरकवत न्यावी. सायनस लयीत, म्हणजे सायनस नोडने चालवलेल्या नेहमीच्या लयीत, खुणा पुढच्या शिखरांशी जवळपास जुळत जातात. काही ठोके ठरावीक क्रमाने गळत असतील, तर तो क्रमही परत परत येतो. एएफमध्ये खुणा जुळत नाहीत आणि न जुळण्यातही काही क्रम सापडत नाही. ठोक्यांचा वेग काढण्यासाठी दोन शिखरांमधले अंतर मोजून भागाकार करू नये, कारण प्रत्येक जोडीचे उत्तर वेगळे येईल. दहा सेकंदांच्या पट्टीवरील सगळे क्यूआरएस, म्हणजे निलयांच्या ठोक्यांचे टोकदार आकार, मोजून त्यांना सहाने गुणावे. येथे एक सापळा आहे. वेग मिनिटाला १५० च्या पुढे गेला की अंतरांमधला फरक डोळ्यांना दिसेनासा होतो आणि आलेख नियमित वाटू लागतो. अशा वेळी पेन्सिलीच्या खुणांवरच विश्वास ठेवावा, नजरेवर नाही.

आता पी तरंग शोधायची. ती नाही असे म्हणण्यापूर्वी बाराही लीड्स पाहिल्या पाहिजेत, कारण काही रुग्णांत ती एका लीडमध्ये इतकी चपटी असते की नुसत्या दुसऱ्या लीडवरून फसगत होते. एफ तरंगा सर्वांत स्पष्ट व्ही-१ मध्ये दिसतात, त्याखालोखाल दुसऱ्या, तिसऱ्या आणि एव्हीएफ लीडमध्ये. व्ही-१ मध्ये त्यांची उंची १ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर त्यांना ठळक आणि कमी असेल तर बारीक म्हणण्याचा प्रघात आहे. बारीक थरथर कधी कधी सरळ रेषेसारखी भासते. मग ठोक्यांची अनियमितता हाच मुख्य पुरावा उरतो. शंका राहिल्यास यंत्राची उंची दुप्पट करून, म्हणजे मिलिव्होल्टला २० मिलिमीटर ठेवून, आणि वेग ५० मिलिमीटर करून पुन्हा आलेख काढावा. आणखी एक जुनी आणि बिनखर्चाची युक्ती लुईस यांच्या नावाने ओळखली जाते. उजव्या हाताची कळ छातीच्या मधल्या हाडाच्या अगदी वरच्या भागावर आणि डाव्या हाताची कळ त्याच हाडाच्या उजव्या कडेला चौथ्या अंतरात लावून पहिली लीड वाचली, की अलिंदांच्या हालचाली बऱ्याच उठून दिसतात. ही युक्ती फारशी कोणी वापरत नाही याचे मला नेहमी वाईट वाटते, कारण लहान रुग्णालयांत हाताशी एवढेच असते. असा आलेख काढल्यावर कागदावर तशी नोंद मात्र न चुकता करावी.

एएफसारखे दिसणारे पण एएफ नसलेले आलेख पुष्कळ आहेत आणि यंत्राने छापलेले निदान याच ठिकाणी सर्वाधिक चुकते. अलिंदांतून वारंवार उठणारे अकाली ठोके लय विस्कटून टाकतात, पण त्यांच्यामध्ये खरी पी तरंग पुन्हा पुन्हा भेटते आणि अकाली पी बहुधा आधीच्या टी तरंगेवर (क्यूआरएसनंतर येणाऱ्या गोलसर लाटेवर) टोक काढून बसलेली असते. दमा-श्वसनरोगाच्या जुन्या रुग्णांत दिसणाऱ्या मल्टिफोकल एट्रियल टॅकीकार्डियातही (अलिंदांतल्या अनेक जागांहून उठणाऱ्या जलद लयीतही) अंतरे अनियमित असतात. तिथे मात्र एकाच लीडमध्ये किमान तीन वेगवेगळ्या आकारांच्या पी तरंगा आणि त्यांच्यामध्ये स्वच्छ सपाट रेषा दिसते. सर्वांत जास्त गोंधळ एट्रियल फ्लटरचा होतो. फ्लटरमध्ये लाट एकाच ठरलेल्या वर्तुळात, मिनिटाला साधारण ३०० च्या आसपास फिरते, म्हणून खालच्या लीड्समध्ये करवतीच्या दातांसारखा एकसारखा आकार येतो, आणि दोनांतली एक लाट खाली उतरली तर निलयांचा वेग १५० च्या जवळ स्थिर राहतो. ठळक एएफमध्ये व्ही-१ पुरते पाहिले तर थेट फ्लटर असल्याचा भास होतो. त्यावर उपाय पुन्हा कागदी पट्टीचाच आहे, या वेळी मात्र आर शिखरांऐवजी तरंगांच्या टोकांवर खुणा कराव्यात. दातांचे अंतर आणि आकार शेवटपर्यंत जुळले तर फ्लटर. दोन-चार दातांनंतर अंतर घसरले, आकार बदलला, तर ते एएफच.

क्यूआरएसकडेही थोडे थांबून पाहिले पाहिजे. एएफमध्ये ते सहसा अरुंद असतात. लांब अंतरानंतर लगेच आलेल्या आखूड अंतरावरचा एखादाच ठोका रुंद होऊन उजव्या शाखेच्या (उजव्या निलयाकडे लाट नेणाऱ्या वाटेच्या) अडथळ्यासारखा दिसला, तर ती बहुतेक वेळा ॲशमन यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९४७ पासून परिचित असलेली घटना असते: लांब विश्रांतीनंतर उजव्या शाखेला सावरायला अधिक वेळ लागतो आणि लवकर आलेली लाट तिथे अडते. त्याला निलयांतून उठलेला धोकादायक ठोका समजून औषधे सुरू करण्याची घाई करू नये. याच्या नेमके उलट, घाई करणे आवश्यक असलेला आलेखही ओळखता आला पाहिजे. ठोके अतिशय वेगवान, अंतरे अनियमित, क्यूआरएस रुंद आणि त्यांची रुंदी ठोक्यागणिक बदलती, काही अंतरे ०.२५ सेकंदापेक्षा, म्हणजे साधारण सहा लहान चौकोनांपेक्षा कमी, असे चित्र असेल तर वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट या आजारातल्या, एव्ही नोडला वळसा घालणाऱ्या जादा वाटेने लाटा खाली उतरत आहेत असे धरून चालावे. अशा रुग्णाला व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन किंवा ॲडिनोसिन देणे जिवावर बेतू शकते, आणि रक्तदाब ढासळत असेल तर वेळ न दवडता डीसी शॉक (छातीवरून विजेचा धक्का) द्यावा लागतो. तिसरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, एफ तरंगा स्पष्ट दिसत असताना ठोके अचानक संथ आणि घड्याळासारखे नियमित झाले, तर रुग्ण बरा झाला असे समजू नये. तो बहुधा पूर्ण हार्ट ब्लॉक असतो, म्हणजे अलिंदांतली एकही लाट निलयांपर्यंत पोहोचत नसते. डिगॉक्सिन चालू असल्यास त्या औषधाची विषबाधा आधी डोक्यात आणावी.

इथपर्यंत एएफ ओळखून झाले. आता तो अधूनमधून येतो कसा आणि जातो कसा, हे पाहणे मला या सगळ्या विषयातले सर्वांत मनोवेधक काम वाटते. त्यासाठी होल्टरची, म्हणजे अंगावर बाळगायच्या ईसीजी यंत्राची, चोवीस तासांची किंवा त्याहून लांब नोंद लागते. नोंदीत एएफ सुरू झाल्याची जागा सापडली की तिच्या आधीची मिनिटे सावकाश मागे वाचावीत. पुष्कळदा आधी एक अकाली पी तरंग मागच्या टी तरंगेवर पडलेली आढळते. कधी ती एकटी, कधी पाच-सहा ठोक्यांच्या छोट्या सरींच्या रूपात तासभर आधीपासून सूचना देत असते. १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ठोके बहुतांशी फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उगम पावतात हे दाखवले आणि तो उगमच बंद करण्याच्या ॲब्लेशनची वाट खुली झाली. म्हणून टी तरंगेतला तो छोटासा खोच नोंदवणे ही किरकोळ बाब नाही. आधीच्या मिनिटांत सायनस लय हळूहळू मंदावत गेली असेल आणि वेळ रात्रीची किंवा जेवणानंतरची असेल, तर हृदयाचा वेग मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा हात असण्याची शक्यता वाढते; वेग चढत गेला असेल आणि रुग्ण जिना चढत असेल, तर ॲड्रिनॅलिनकडे बोट जाते. रुग्णाने लिहिलेली डायरी म्हणूनच नोंदीइतकीच मोलाची असते.

झटका संपतानाची जागाही तितक्याच काळजीने वाचावी. शेवटच्या काही सेकंदांत एफ तरंगा अनेकदा संथ आणि जास्त सुसंगत होतात, काही वेळा मधे फ्लटरसारखा तुकडा येतो, मग रेषा सपाट होते आणि थोड्या विरामानंतर पहिली पी तरंग उगवते. हा विराम किती सेकंदांचा आहे ते मोजून अहवालात आकड्यात लिहावे. तीन सेकंदांहून लांब विराम आणि त्याच वेळी डायरीत चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी असा उल्लेख असेल, तर सायनस नोडच थकलेला आहे असा संशय घ्यावा. अशा रुग्णाला वेग कमी करणाऱ्या गोळ्या वाढवून देणे त्याच्यासाठी घातक ठरू शकते.

दोन झटक्यांच्या मधला ईसीजी ‘नॉर्मल’ म्हणून बाजूला ठेवला जातो, तो पुन्हा उघडावा. दुसऱ्या लीडमध्ये पी तरंगेची रुंदी मोजावी. ती तीन लहान चौकोन किंवा अधिक, म्हणजे ०.१२ सेकंद वा जास्त असेल, तर उजव्या अलिंदातून डाव्या अलिंदाकडे लाट पोहोचण्यास उशीर होत आहे. दुसऱ्या, तिसऱ्या आणि एव्हीएफ लीडमध्ये हीच रुंद पी आधी वर जाऊन मग रेषेखाली उतरत असेल, तर हा अडथळा पुढच्या टप्प्याचा आहे आणि अशा व्यक्तीत एएफ आज ना उद्या सापडण्याची शक्यता बरीच असते. व्ही-१ मधल्या पी तरंगेचा खाली गेलेला भाग एक लहान चौकोन खोल आणि एक लहान चौकोन रुंद किंवा त्याहून मोठा असेल, तर डाव्या अलिंदावर ताण आहे. यांतले काहीही सापडले म्हणून एएफचे निदान होत नाही. मात्र धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या किंवा कारण न सापडलेला पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णात लांब नोंद करण्याचा आग्रह धरायला हा कागद पुरेसा आहे.

ठाण मांडून बसलेल्या एएफमध्ये एफ तरंगांचा स्वभाव हळूहळू बदलतो. १९९५ मध्ये नेदरलँड्समधील मास्त्रिख्त येथे विफेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की, एएफ जितका जास्त काळ चालू ठेवावा तितका तो पुढे आपोआप टिकू लागतो, कारण अलिंदांच्या पेशींचा सावरण्याचा काळ आखूड होत जातो. त्याचा परिणाम कागदावरही उतरतो. ताज्या, अधूनमधून येणाऱ्या झटक्यांत एफ तरंगा तुलनेने संथ आणि सुसंगत असतात. महिनोन्‌महिने चाललेल्या एएफमध्ये त्या अधिक जलद आणि विस्कळीत होतात, आणि स्नायूची जागा तंतुमय ऊतीने घेतली की त्यांची उंचीही उतरते. हा कल खरा असला, तरी दोन्ही गटांची हद्द एकमेकांत इतकी मिसळलेली आहे की एका रुग्णाच्या एका कागदावरून प्रकार जाहीर करण्याचे धाडस करू नये. ठळक तरंगांचे आणखी एक कारण आपल्याकडे विसरून चालत नाही: लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन मायट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णांत डावा अलिंद फुगलेला असतो आणि व्ही-१ मध्ये एफ तरंगा ठसठशीत दिसतात. त्यासोबत क्यूआरएसचा अक्ष (निलयांतल्या लाटेची सरासरी दिशा) उजवीकडे झुकलेला असेल, तर स्टेथोस्कोप पुन्हा छातीवर ठेवावा आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा. हा फरक औषधापर्यंत जाऊन भिडतो, कारण अशा रुग्णांत रक्त पातळ करणाऱ्या रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा वॉरफरीनच्या गटातली जुनी औषधे सरस ठरल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत दिसून आले.

प्रकाराची नावे शेवटी काळावरून ठरतात. एएफ आपोआप किंवा उपचाराने सात दिवसांच्या आत थांबला, तर तो अधूनमधून येणारा, म्हणजे पॅरॉक्सिझमल. सात दिवसांच्या पुढे चालू राहिला, तर पर्सिस्टंट. बारा महिन्यांच्या पुढे गेला आणि तरीही लय परत आणण्याचा विचार असेल, तर दीर्घकालीन पर्सिस्टंट. पर्मनंट हा शब्द मात्र आलेखातून येत नाही; सायनस लय परत आणण्याचे प्रयत्न आता करायचे नाहीत असे रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवल्यावरच तो लिहायचा असतो. महिन्याच्या अंतराने काढलेल्या दोन्ही ईसीजींत एएफ आहे, एवढ्यावरून तो मधले सगळे दिवस चालू होता असेही म्हणता येत नाही. मधल्या काळातला एखादा सायनस लयीचा कागद, मग तो मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी तालुक्याच्या दवाखान्यात काढलेला का असेना, सगळा निष्कर्ष उलटवू शकतो. नातेवाइकांना घरातली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन यायला सांगावे, कारण हा कागद बहुधा तिथेच सापडतो.

झटका पकडायचा कसा, हा अधूनमधून येणाऱ्या एएफचा खरा प्रश्न आहे. बारा लीड्सचा पूर्ण आलेख किंवा एका लीडची किमान ३० सेकंदांची वाचता येणारी नोंद, यांपैकी काहीतरी हातात असल्याशिवाय निदान पक्के मानले जात नाही. मनगटावरच्या घड्याळाने प्रकाशाच्या साहाय्याने नाडी अनियमित असल्याचा इशारा दिला, तर तो आलेख काढण्याचे कारण ठरतो, निदान ठरत नाही. घड्याळाने काढलेली ईसीजीची पट्टी असेल, तर ती डॉक्टरांनी स्वतः वाचली पाहिजे. रोज धडधड होणाऱ्याला चोवीस तासांचा होल्टर पुरतो, आठवड्यातून एकदा होणाऱ्याला तो पुरत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रिस्टल-एएफ अभ्यासात, कारण न सापडलेला पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या त्वचेखाली छोटे नोंदयंत्र बसवल्यावर सहा महिन्यांत ८.९ टक्के रुग्णांत एएफ सापडला, तर नेहमीच्या तपासण्यांनी १.४ टक्के रुग्णांत. नोंद लांबवली की सापडण्याची शक्यता किती वाढते, हे रुग्णाला समजावून सांगताना मला हे दोन आकडे उपयोगी पडतात.

अहवाल लिहिताना ‘एएफ, वेग १२०’ एवढ्यावर थांबू नये. तारीख आणि घड्याळातली वेळ, रुग्णाला धडधड नेमकी केव्हा जाणवली ती वेळ, सरासरी वेग आणि तो कसा मोजला, एफ तरंगा ठळक की बारीक आणि कोणत्या लीडमध्ये, क्यूआरएसची रुंदी, सर्वांत लांब विराम आणि शेवटचा सायनस लयीचा आलेख कोणत्या तारखेचा आहे, हे सगळे लिहावे. त्या शेवटच्या तारखेवर पुढचा निर्णय उभा असतो: एएफ सुरू होऊन ४८ तास झाले की नाहीत, ही जुनी मर्यादा युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी २४ तासांवर आणली असून, ती ओलांडली असेल किंवा वेळच ठाऊक नसेल, तर रक्त पातळ करण्याचे औषध किमान तीन आठवडे दिल्याशिवाय किंवा अन्ननलिकेतून इको करून गुठळी नसल्याची खात्री केल्याशिवाय, तातडीचे कारण नसताना लय बदलण्याचा प्रयत्न केला जात नाही. पक्षाघात टाळण्यासाठीच्या गोळ्या मात्र वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची कमजोरी आणि पूर्वीचा पक्षाघात यांसारख्या गोष्टींवरून ठरतात. झटके अधूनमधूनच येतात म्हणून त्या टाळता येत नाहीत. अहवालावर सही झाली की मूळ आलेखाची एक छायाप्रत रुग्णाच्या हाती द्यावी आणि एक फोटो त्याच्या मोबाइलमध्ये काढून द्यावा, कारण उष्णतेने छापलेला ईसीजीचा कागद काही वर्षांत पुसट होतो आणि पुढच्या डॉक्टरांना नेमका तोच हवा असतो.